मारबतीच्या दिवशीचं वय

आमच्या वकिलीच्या ऑफिसात फायलींना टोपणनावं पडतात. ही फाइल 'मारबतवाला'. ज्युनिअरने कव्हरवर पेन्सिलने लिहिलं आणि तेच राहिलं. मुलाच्या परवानगीने लिहितो आहे. पोलीस ठाण्याचं नाव आणि खात्याचं नाव घेणार नाही. जन्मतारीख दोन-चार दिवस इकडेतिकडे केली आहे, हिशेब त्याने बदलत नाही.

एप्रिल २०२४. कूलरच्या खडखडाटात बाप-लेक समोर बसले. वडील इतवारीत एका किराणा ठोक दुकानात आयुष्यभर हिशेब लिहीत आलेले. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला, तो माझ्याकडे न देता आधी टेबलावर हाताने सपाट केला.

"साहेब, पोट्टं सुटलं होतं ना जी? निर्दोष लिवलं आहे. मंग हे काय आलं?"

'हे' म्हणजे कारणे दाखवा नोटीस. मुलगा केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकुनी जागेवर निवडला गेला होता. परीक्षा झाली, कागदपत्रं तपासली, मेडिकल झालं. मग साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःबद्दलची माहिती खरी असल्याचं लिहून द्यायचा फॉर्म, भरायचा होता. त्याच्या बाराव्या रकान्यात विचारलं होतं: तुम्हाला कधी अटक झाली आहे काय? तुमच्यावर खटला चालला आहे काय? दोन्हीसमोर त्याने 'नाही' लिहिलं. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा अहवाल गेला तो असा: गुन्हा दाखल, दोषारोपपत्र दाखल, निर्दोष मुक्तता. आता खात्याचं म्हणणं एवढंच की तुम्ही माहिती दडवली, निवड रद्द का करू नये याचं उत्तर पंधरा दिवसांत द्या.

मुलगा तोपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. मी विचारलं, 'नाही' काऊन लिहिलं? तो म्हणाला, "सायबर कॅफेवाला म्हणे, सुटला ना तू, मंग नाही लिही. होय लिहिलं तं फॉर्मच उडवतेत."

असे सल्ले नागपुरात फुकट आणि मुबलक मिळतात. पुढे कळलं की या मुलाच्या आयुष्यात असाच एक सल्ला आधीही येऊन गेला होता, आणि खरी मेख त्या पहिल्या सल्ल्यात होती.

२०१६ चा तान्हा पोळा

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, बाईच्या रूपातले मोठे पुतळे. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, असं सांगतात. मागे बडगे असतात, वर्षभरात ज्यांनी लोकांना छळलं त्यांचे पुतळे. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असा पुकारा करत गर्दी इतवारी-महालातून चालते. त्या दिवशी बोळांत श्वास घ्यायला जागा नसते, आणि धक्का लागला तर तो कोणाचा हे ओळखायलाही.

२ सप्टेंबर २०१६ ला असाच एक धक्का लागला. एका बडग्याची हातगाडी पलटली, शिवीगाळ झाली, बडग्याच्या सांगाड्यातलाच बांबू कोणाच्या तरी हातात आला आणि शेजारच्या गल्लीतल्या एकाच्या डोक्यात बसला. टाके पडले. फिर्याद झाली, आरोपी तीन: हा मुलगा, त्याच्या मोठ्या काकांचा बावीस वर्षांचा मुलगा आणि त्यांचा एक दोस्त. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेची कलमं ३२४, ५०४ (मुद्दाम अपमान करून चिथावणं) आणि ३४ (सगळ्यांचा एकच इरादा). कलम ३२४, म्हणजे हत्याराने दुखापत, दखलपात्र पण जामीनपात्र. त्या रात्री ठाण्यात बसवलं, अटकेचा फॉर्म भरला, वडील येऊन जातमुचलक्यावर सही करून घेऊन गेले. पहाटे घरी. म्हणून त्या घरात आठ वर्षं कोणीही त्याला 'अटक' म्हटलं नाही. 'ठाण्यात बसवलं होतं' एवढंच म्हणत. कोठडीचं दार लागलं नाही म्हणजे अटक झाली नाही, हा समज मी आठवड्याला दोनदा ऐकतो. अटकेच्या फॉर्मवर सही असेल तर ती अटकच असते, मग रात्र बाकड्यावर गेलेली असो की गजाआड.

खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे चालला. कलम ३२४ तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नव्हतं, त्यामुळे दोन्हीकडची माणसं एका गणपती मंडळात परत गळ्यात गळे घालून नाचू लागली तरी न्यायालयात 'आमचं मिटलं' असा नुसता अर्ज देऊन भागत नव्हतं. दोन रस्ते होते. एक, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाऊन फिर्यादीच्या संमतीने गुन्हा रद्द करून घ्यायचा. ग्यान सिंग प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगी स्वरूपाच्या भांडणांसाठी ही वाट स्पष्ट केली आहे. दुसरा रस्ता स्वस्त: फिर्यादी साक्षीला उभा राहतो आणि म्हणतो, गर्दी होती, कोणी मारलं ते मी पाहिलं नाही. इथे तेच झालं. फिर्यादी फितूर, पंच फितूर. ऑगस्ट २०१९ मध्ये तिघेही सुटले.

त्या वेळचे वकील मी नव्हतो, आणि त्यांना दोष देत नाही. बाराशे-पंधराशे रुपये फी देणाऱ्या घराला खंडपीठात जा म्हणणं सोपं नसतं. पण निकालपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात 'संशयाचा फायदा देऊन' हे तीन शब्द बसले, आणि नोकरीच्या दारात हे शब्द टोचतात. दिल्ली पोलिसांतल्या मेहर सिंग प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालय म्हणालं की तडजोडीमुळे किंवा साक्षीदार फिरल्यामुळे सुटलेला उमेदवार स्वच्छ ठरलाच असं नाही. नोकरी देणाऱ्याला त्याची पार्श्वभूमी तपासता येते.

'नोंद पुसून द्या'

वडिलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "साहेब, हे नाव ठाण्यातून पुसून भेटल का? जे लागल ते लावू."

सरळ उत्तर: प्रौढ माणसासाठी नाही. काही देशांत सुटलेल्या किंवा शिक्षा भोगून झालेल्या माणसाला अर्ज करून आपली नोंद मिटवून घेता येते किंवा बंद करून घेता येते. आपल्याकडे तसा सर्वसाधारण कायदा नाही. सुटला तरी गुन्हा क्रमांक ठाण्याच्या नोंदवहीत राहतो, पोलिसांच्या संगणकात राहतो, ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की खटला दिसतो. निर्दोष सुटलेल्यांची नावं निकालपत्रांतून झाकावीत का, यावर उच्च न्यायालयं एकमताची नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका सुटलेल्या माणसाचा निकाल इंटरनेटवरून तात्पुरता झाकायला सांगितला. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी त्याच वर्षी तशी मागणी फेटाळली, २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्याच दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ती मान्य केली, आणि आमच्या या बोलण्यानंतर जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगितीही दिली. एवढ्या डळमळीत जमिनीवर इतवारीतल्या हिशेबनिसाने पैसे ओतू नयेत, असं मी त्यांना तिथेच सांगितलं. नोंद 'साफ करून देतो' म्हणून पैसे घेणारी माणसं शहरात फिरतात. ती अर्ज लिहितात, पावती देतात, आणि नोंद होती तिथेच राहते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती पुष्कळांना बुडवते. छोट्या खटल्यांत 'गुन्हा कबूल कर, पाचशे रुपये दंड भर, मोकळा हो' असं सांगितलं जातं. तो मोकळा होत नाही, ती दोषसिद्धी असते. फॉर्मवर 'शिक्षा झाली आहे काय' याचं उत्तर मग 'होय' येतं. त्याऐवजी न्यायालयाने १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याच्या कलम ३ किंवा ४ खाली समज देऊन किंवा बंधपत्रावर सोडलं असतं, तर कलम १२ म्हणतं की त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागणार नाही. हा फरक कबुली देण्याआधी विचारायचा असतो. नंतर विचारून उपयोग नाही.

असो. आपल्या प्रकरणात कबुली नव्हती, सुटका होती आणि एक खोटं 'नाही' होतं. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (जुलै २०१६) हा तीन न्यायमूर्तींचा निकाल अशा प्रत्येक नोटिशीच्या उत्तरात येतो. त्याचा गाभा असा: माहिती खरी दिली पाहिजे, दडवलीत तर नोकरी देणारा निवड रद्द करू शकतो, पण तो डोळे मिटून रद्द करू शकत नाही. गुन्हा किरकोळ होता का, तरुण वयातला होता का, जागा कशा प्रकारची आहे, हे पाहायचं असतं. पवन कुमार प्रकरणात (२०२२) हेच पुन्हा सांगितलं गेलं: दडवलं एवढ्यावरून आपोआप काढून टाकता येत नाही. गणवेशाच्या नोकऱ्यांत मात्र कसोटी कडक आहे. आपली जागा टेबलाची होती, तेवढा दिलासा.

हे सगळं घेऊन उत्तराचा मसुदा करायला बसलो. म्हणजे माझ्या डोक्यात हे एक बरं-वाईट, पन्नास-पन्नास टक्क्यांचं प्रकरण होतं. अशी उत्तरं मी पूर्वीही लिहिली आहेत. काही चालली, काही नाही.

एकोणीस

ज्युनिअर मुलगी नकलेच्या प्रती लावत होती. जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागातून खटल्याचे कागद यायला दोन आठवडे लागले होते, कारण फाइल रेकॉर्ड रूममध्ये गेलेली. ती एकदम म्हणाली, "सर, ह्याचं दहावीचं सर्टिफिकेट बघा." मग अटकेचा फॉर्म त्याच्या शेजारी ठेवला.

अटकेच्या फॉर्मवर निळ्या बॉलपेनने, जरा तिरकं: वय १९ वर्षे. धंदा: शिक्षण. दोषारोपपत्रात १९. निकालपत्राच्या पहिल्या पानावर तर २२, कारण तीन वर्षं उलटली होती आणि कोणी तरी प्रामाणिकपणे बेरीज केली होती.

बोर्डाच्या प्रमाणपत्रावर जन्मतारीख: ११ डिसेंबर १९९८.

तिने पेन्सिलने मार्जिनमध्ये वजाबाकी केली. मारबतीच्या दिवशी वय १७ वर्षे, ८ महिने, २२ दिवस.

मुलाला फोन करून बोलावलं. तो आला, कागद पाहिला, मान खाली. मग हळूहळू निघालं. ठाण्यात वय विचारल्यावर तो खरं सांगणार होता. शेजारी बसलेल्या, मोहल्ल्यातल्याच एका मोठ्या माणसाने कोपराने ढोसलं: "एकोणीस सांग. अठराच्या खाली सांगतलं तं रिमांडहोमले नेतेत, मायले भेटू नाही देत." सतराचं पोरगं घाबरलं आणि एकोणीस बोललं. कागद पाहायला कोणी मागितला नाही, त्यानेही दिला नाही. न्यायालयात तीन वर्षं तारखांना उभा राहिला, कोणाच्याच डोक्यात आलं नाही. वडिलांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी जातमुचलक्यावर सही केली तेव्हा वरचं वाचलंच नव्हतं. ते ऐकून म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्या बाप असून वाचलं नाही."

आता या एका वजाबाकीने काय बदललं ते पाहा.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. घटना सप्टेंबरची. म्हणजे त्या दिवशी हा मुलगा कायद्याच्या भाषेत 'बालक' होता आणि त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढेच जायला हवं होतं. कलम २३ सांगतं की बालक आणि प्रौढ यांचा एकत्र खटला चालवू नये. इथे एकत्र चालला. सोळा ते अठरा वयाच्या मुलाला प्रौढ म्हणून चालवण्याची जी चर्चा टीव्हीवर होते, ती फक्त घोर अपराधांपुरती आहे, ज्यांत किमान शिक्षा सात वर्षं असते. कलम ३२४ ची कमाल शिक्षाच तीन वर्षं होती. या कायद्याच्या लेखी तो क्षुल्लक अपराध. (गुन्हा नोंदवला हे मात्र चूक नव्हतं: नियमांनुसार बालकाविरुद्ध साधारणपणे एफआयआर होत नाही, पण प्रौढांसोबत मिळून केलेला असेल तर होतो.)

पुढची दोन कलमं या प्रकरणाचा आत्मा आहेत. कलम २४: या कायद्याखाली ज्याचं प्रकरण हाताळलं गेलं त्या बालकाला दोषसिद्धीपायी येणारी कोणतीही अपात्रता लागत नाही, आणि ठरलेल्या मुदतीनंतर दोषसिद्धीच्या नोंदी नष्ट करायच्या असतात, केंद्राच्या आदर्श नियमांत ती मुदत अपिलाची किंवा सात वर्षांची आहे. कलम ७४ चं दुसरं उपकलम तर थेट बोलतं: प्रकरण बंद किंवा निकाली झालं असेल तर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी वा इतर कारणासाठी पोलिसांनी बालकाची कोणतीही नोंद उघड करायची नाही.

म्हणजे ज्या अहवालावरून नोटीस निघाली, तो अहवालच जायला नको होता. पण पोलिसांच्या कागदावर तो एकोणीसचा होता. त्यांनी प्रौढाचा अहवाल पाठवला. चूक कुठून सुरू झाली, हे अवघड जागेचं दुखणं: आमच्याच अशिलाच्या तोंडून.

उत्तर कसं लिहावं

ज्युनिअरचं मत होतं की उत्तरात ठणकावून लिहा: अल्पवयीन असल्यामुळे सांगण्याचं बंधनच नव्हतं, 'नाही' हे बरोबर उत्तर होतं. कायद्याने पाहिलं तर तिचं म्हणणं हलकं नव्हतं. रमेश बिश्नोई प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने औद्योगिक सुरक्षा दलातल्या उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला. तो घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, आणि अशा वयातल्या गोष्टीचा डाग पुढे नोकरीत चिकटवू नये हा त्यामागचा विचार. पण मला त्या टेबलापलीकडचा अधिकारी दिसत होता. त्याच्यासमोर दोन कागद असणार: एकात १९, एकात १७. आणि एक मुलगा, ज्याने एकदा वय खोटं सांगितलं, मग रकाना खोटा भरला, आणि आता कायदा शिकवतो आहे.

म्हणून उत्तराची सुरुवात अशी केली: "मला दि. २ सप्टेंबर २०१६ रोजी अटक झाली होती व त्याच रात्री जामिनावर सोडण्यात आले. माझ्यावर खटला चालला. ही माहिती मी नमुन्यात दिली नाही. अटकेच्या वेळी मी माझे वयही चुकीचे सांगितले. ही दोन्ही विधाने मी स्वतः केली आहेत." त्यानंतर दहावीचं प्रमाणपत्र. त्यानंतर कलम २४ आणि ७४. शेवटी अवतार सिंग. आणि विनंती: वयाचा निर्णय न्यायालयाकडून आणतो, तोपर्यंत निवड रद्द करू नका.

वडिलांना हे आवडलं नाही. "आपणच सांगतलं तं काय राहिलं साहेब?" मुलगा मात्र पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहत म्हणाला, "असंच लिवा." सही त्याने सावकाश केली.

शाळेची वही

बाल न्याय कायद्याच्या कलम ९ चं दुसरं उपकलम न्यायालयात वाचून दाखवावं लागलं, तेही दोन वेळा. अर्ज ज्या न्यायालयाने २०१९ ला निकाल दिला तिथेच केला. साहजिक पहिला प्रश्न: खटला संपला, आता हे न्यायालय काय करणार? सरकारी वकिलांचा आक्षेपही तोच, वर हे की आरोपीनेच वय १९ सांगितलं होतं. कलम म्हणतं की अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही न्यायालयापुढे, कोणत्याही टप्प्यावर, अगदी प्रकरणाचा अंतिम निकाल लागल्यानंतरही करता येतो. अबुझर हुसेन प्रकरणात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली हेच सांगितलेलं. वय तोंडी सांगण्यावरून ठरत नाही. कलम ९४ ने क्रम घालून दिला आहे. आधी शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला, तो नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आणि चौकशीत नुसतं शपथपत्र चालत नाही, पुरावा लागतो.

म्हणून शाळेला समन्स गेलं. मुख्याध्यापकांच्या वतीने लिपिक आले, लाल फडक्यात बांधलेली दाखल-खारीज नोंदवही काखेत धरून. साक्षीच्या पिंजऱ्यात त्यांनी आधी फडक्याची गाठ सोडली, मग बोटाला थुंकी लावून पानं उलटली. २००४ चा प्रवेश. जन्मतारीख अंकी, त्याखाली अक्षरी: अकरा डिसेंबर एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. खाडाखोड नाही. सरकारी वकिलांनी विचारलं, ही तारीख कोणी सांगितली? "त्याच्या आजीनं, साहेब. अंगठा आहे." निळसर, पुसट झालेला अंगठा मी वाकून पाहिला.

तारखा पडत पडत चौकशी पाच महिने चालली, आणि यात माझ्याकडूनही एक चूक झाली: बोर्डाच्या प्रमाणपत्राची मूळ प्रत पहिल्या तारखेला नेली नाही, त्यात तीन आठवडे गेले. शेवटी निष्कर्ष नोंदला गेला: घटनेच्या दिवशी अर्जदार अठरा वर्षांखालील होता. प्रकरण योग्य आदेशासाठी बाल न्याय मंडळाकडे पाठवलं.

मंडळापुढे मी 'नोंदी नष्ट करा' असं मागितलं होतं. तिथे एक कायदेशीर अडचण आणि एक व्यावहारिक. कलम २४ ची भाषा दोषसिद्धीच्या नोंदींची आहे आणि हा तर सुटलेला. पण दोषी ठरलेल्याची नोंद राहू नये आणि सुटलेल्याची राहावी, हे उलटं होईल, असं मांडलं. त्याच कायद्याच्या कलम ३ मधलं 'नव्याने सुरुवात' हे तत्त्व जोडीला होतं. व्यावहारिक अडचण मोठी होती: एफआयआर एक, आरोपी तीन. त्याचं नाव असलेला कागद फाडला तर उरलेल्या दोघांचाही कागद फाटतो. मंडळाने मधला मार्ग काढला. पोलिसांना आदेश की या मुलाची नोंद अल्पवयीनाची म्हणून चिन्हांकित करा, चारित्र्य पडताळणीत किंवा इतर कुठेही उघड करू नका, आधी पाठवलेला अहवाल दुरुस्त करून खात्याला कळवा. ई-कोर्ट्सवरच्या नावासाठी वेगळा अर्ज करावा लागला.

आदेशाची प्रमाणित प्रत आम्ही स्वतः पोलीस आयुक्तालयाच्या विशेष शाखेत आणि ठाण्यात नेऊन दिली, दोन्हीकडे पोच घेतली. आदेश आपोआप पोहोचतो यावर मी विसंबत नाही. दुरुस्त अहवाल जायला आणखी महिना लागला. खात्याचं पत्र फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं: नोटीस निकाली, रुजू व्हा. त्याच्यासोबत निवडलेले बाकीचे वर्षभर आधी रुजू झाले होते, त्या यादीत तो शेवटी. खात्याने नाही म्हटलं असतं तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायचं ठरलं होतं, त्याचा अर्ज लिहूनही ठेवला होता. तो अजून संगणकात पडून आहे.

थोरला

पेढे घेऊन आले तेव्हा सोबत काकांचा मुलगाही होता, त्या रात्रीचा दुसरा आरोपी. आता तो तिशीला आलेला, टुरिस्ट गाडी चालवतो, प्रवासी वाहनाच्या बॅजसाठी त्याला चारित्र्य पडताळणी करायची होती. पेढा हातात धरून बसला होता, खाल्ला नव्हता.

"माहं काय होते साहेब? आमी संगंच होतो."

संगंच होते. एकाच निकालपत्रात, एकाच परिच्छेदाने, एकाच मिनिटाला सुटले. चार वर्षांचं अंतर एवढाच फरक. त्याच्यासाठी कलम २४ नाही, ७४ नाही. निकाल लागून गेल्यामुळे आता खंडपीठात रद्द करून घ्यायलाही काही उरलं नाही. त्याचं नाव ठाण्याच्या वहीत आहे तसं राहणार.

मी त्याचा फॉर्म मागितला. ऑनलाइन भरायच्या अर्जाची छापील प्रत त्याने आणली होती, पेन्सिलने भरलेली. 'गुन्हा दाखल आहे काय' या रकान्यासमोर कोरं होतं. मी त्याला पेन दिलं आणि सांगितलं ते असं: होय. मग गुन्हा क्रमांक, ठाणं, कलमं, खटल्याचा क्रमांक, न्यायालय, निर्दोष मुक्ततेची तारीख. सोबत निकालाची प्रमाणित प्रत जोड, झेरॉक्सवर भागवू नको. प्रलंबित खटला आणि निकाली खटला यांत पोलीस फरक करतात, तो फरक त्यांना शोधायला लावू नको, तूच दाखव. नकार आला तर तो लेखी माग, कारणासह.

"आणि वकिलाची फी?" वडिलांनी मधेच विचारलं, पुतण्याच्या वतीने.

जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, उत्पन्नाच्या अटीत बसलास तर वकील मोफत मिळतो, असं सांगितलं. या फॉर्मला मात्र वकील लागतच नाही.

त्याने 'होय' लिहिलं. मग खाली जागा कमी पडली म्हणून तारीख आडवी, मार्जिनमध्ये लिहिली, आणि विचारलं, "वय किती लिवू? तवाचं की आताचं?"

आत्ताचं, म्हटलं. आणि आधार कार्ड पाहून लिही.

त्याने पाकीट काढलं, कार्ड बाहेर काढलं, आणि एकेक आकडा बोटाने दाबत उतरवून घेतला.